बोअरवेलवरची पाटी आणि याकूबा सवादोगोंचे खड्डे

रमजान संपला की आपल्याकडच्या ट्रस्टांचे, अंजुमनांचे, जमातींचे हिशेब लागतात. किती रेशन किट वाटले, किती विधवांना महिन्याचा खर्च दिला, किती मुलांची फी भरली, किती बोअर मारल्या. यातली शेवटची बाब गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. मार्च उजाडला की मोबाइलवर आवाहने फिरू लागतात: अमुक गावात पाण्याची टंचाई आहे, मरहूम वालिदच्या ईसाले सवाबसाठी बोअर मारून द्या, नावाची पाटी लावू, व्हिडिओ पाठवू. देणारा दुबईत असतो, कुवेतमध्ये असतो, भिवंडीत असतो. तो पैसे पाठवतो आणि आठ-दहा दिवसांत व्हिडिओ येतो. पाण्याचा फवारा उडतो, मुले भिजतात, कोणीतरी दुआ मागते.

देणाऱ्याच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. घाम गाळून मिळवलेल्या पैशातून अनोळखी माणसाला पाणी द्यावेसे वाटणे ही मोठीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा आहे. त्या बोअरला तिसऱ्या एप्रिलमध्ये पाणी होते का? शेजारच्या जुन्या आडाचे काय झाले? हे बघायला कोण गेले होते? वार्षिक अहवालात मारलेल्या बोअरचा आकडा असतो, चालू असलेल्या बोअरचा नसतो.

ज्यांनी बोअर मारताना पाहिली आहे त्यांना माहीत असते की व्हिडिओतला तो फवारा मशीनच्या कॉम्प्रेसरच्या हवेने उडतो. पुढची दहा वर्षे पाणी राहील याची ती खूण नव्हे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, आणि ते फार नसते. बोअर जितकी खोल जाते तितकी ती बऱ्याचदा त्याच पाण्यातला वाटा खालून ओढते, ज्यावर शेजाऱ्याची विहीर चालते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आणि शेती-उद्योगासाठी ती घेण्यावर बंदी घातली, ते याच कारणाने. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी असली तरी खडक तोच आहे. सदका-ए-जारियामधल्या ‘जारिया’चा अर्थ वाहता, चालू राहणारा असा आहे. तिसऱ्या वर्षी कोरड्या पडलेल्या पाइपावर मरहूमांचे नाव तेवढे चालू राहते.

म्हणून या अंकात एकच प्रश्न घेतला आहे. मदत करणारी संस्था ज्यांना मदत करते त्यांच्याकडून काही शिकू शकते का? आणि शिकते म्हणजे नेमके काय करते? ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक प्रकल्प अहवालात असतो, त्यामुळे त्यावर विसंबून चालणार नाही. जिथे मोठ्या संस्थांना आपला आराखडा बाजूला ठेवावा लागला अशी एक जागा नीट पाहू. त्यासाठी थोडे लांब, पश्चिम आफ्रिकेत जावे लागेल.

बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेला यातेंगा नावाचा प्रदेश आहे. पाऊस जेमतेम आपल्या माण-खटावसारखा, तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा. जमिनीवर सिमेंटसारखा कडक पापुद्रा धरतो, त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाते. इथे १९६२ ते १९६५ या काळात युरोपातून आलेल्या पैशावर आणि यंत्रांवर एक प्रचंड योजना झाली. बुलडोझर लावून सुमारे १ लाख २० हजार हेक्टरवर मातीचे बांध घालण्यात आले. आराखडा शास्त्रीय होता, तंत्रज्ञ शिकलेले होते. ज्यांच्या शेतात बांध घातले त्यांना मात्र कोणी विचारले नाही. मातीच्या बांधाला दरवर्षी डागडुजी लागते आणि ती करण्याची इच्छा त्या शेतकऱ्यांना नव्हती, कारण बांध त्यांचे नव्हतेच. काही वर्षांत ते फुटले, सपाट झाले.

त्यानंतर सत्तरीच्या दशकातले दुष्काळ आले. गावे रिकामी होऊ लागली. १९७९ मध्ये ऑक्सफॅम ही ब्रिटिश संस्था यातेंगात आली. तिचा हेतू झाडे लावण्याचा होता. पाणी अडवण्यासाठी लहान लहान आळी करायची, त्यात रोपे लावायची, असा बेत होता. शेतकऱ्यांनी आळी केली, पण त्यांचा जीव रोपांपेक्षा त्या आळ्यांत पेरलेल्या धान्यात होता. अडवलेल्या पाण्यावर ज्वारी येते हे दिसल्यावर रोपांकडे कोण बघणार? पोट आधी.

अशा वेळी संस्था काय करतात हे आपल्याला माहीत आहे. ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव’ असे अहवालात लिहितात आणि जागृतीसाठी नवा निधी मागतात. इथे मात्र प्रकल्पातल्या माणसांनी शेतकऱ्यांचे म्हणणे मानले. झाडांचा हट्ट मागे ठेवून धान्याच्या शेतात पाणी कसे अडेल हा प्रकल्पाचा मुख्य विषय केला. त्या भागातले शेतकरी पूर्वीपासून उतारावर दगडांच्या ओळी रचत असत. मातीच्या बांधासारखी दगडांची ओळ पाण्याला पूर्ण थोपवत नाही. ती त्याचा वेग मोडते, पाणी पसरवते आणि झिरपू देते, त्यामुळे ती फुटत नाही. अडचण एकच होती. जमिनीचा उतार इतका कमी की समपातळीची रेषा नजरेला सापडत नसे आणि ओळ चुकली की पाणी एका टोकाला जमून निसटे. इथे संस्थेकडचे ज्ञान कामाला आले, आणि तेही किती साधे! पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन काठ्या आणि पाणी. आपल्याकडचा गवंडी हीच लेव्हलची नळी रोज वापरतो, आणि पाणलोटाच्या कामातला हायड्रोमार्करही त्याच तत्त्वावर चालतो. लिहिता-वाचता न येणारा शेतकरीही एक-दोन दिवसांत ती वापरायला शिकतो.

कोणी कोणाला काय दिले ते या प्रसंगात नीट पाहावे. दगडांच्या ओळी लोकांच्या होत्या. पाणी कुठे अडवायचे हा निर्णय लोकांचा होता. संस्थेने त्यात एक नळी घातली. प्रकल्पाचा जो भाग टिकला तो हा.

त्याच भागात याकूबा सवादोगो होते. लहानपणी त्यांना मालीतल्या कुरआनच्या मदरशात पाठवले होते, शाळा अशी त्यांनी पाहिली नाही. मोठेपणी वाहिगुया शहराच्या बाजारात दुकान चालवले. पुढे, १९८० च्या सुमारास, दुष्काळ ऐन भरात असताना आणि माणसे गाव सोडून निघालेली असताना ते उलट गावी परतले आणि शेती करू लागले. तिथे झाई नावाची एक जुनी रीत होती. कडक जमिनीत वीतभर खड्डे घ्यायचे आणि त्यात पेरायचे. जमिनीच्या लहान, बिघडलेल्या तुकड्यांवर ती वापरली जाई. सवादोगोंनी खड्डे मोठे आणि खोल केले. पावसाची वाट न पाहता उन्हाळ्यातच ते खणले आणि त्यात शेणखत, पालापाचोळा टाकला. खतामागे वाळवी आली. वाळवीने जमीन आतून पोखरली, त्या बिळांतून पहिल्या पावसाचे पाणी खाली उतरले. जिथे गवताची काडी नव्हती तिथे ज्वारी-बाजरी उभी राहिली. शेणातून आलेल्या बियांमधून झाडेही उगवली. ती त्यांनी उपटली नाहीत, राखली, पुढे मुद्दाम लावली. काही वर्षांत त्या उजाड रानात साठाहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे जंगल झाले.

गावाने त्यांना वेडा म्हटले. त्यांचे रान एकदा पेटवूनही दिले गेले. हे सांगायला हवे, कारण ‘लोकांचे ज्ञान’ म्हटले की आपण एक गोड चित्र उभे करतो, ज्यात सगळा गाव शहाणा असतो आणि परंपरा नेहमी बरोबर असते. सवादोगोंनी परंपरा घेतली ती बदलण्यासाठी. उन्हाळ्यात खणायचे नाही असे गाव म्हणत असताना ते खणत होते. प्रत्येक गावात असा एखादा माणूस, अनेकदा एखादी बाई, काहीतरी वेगळे करून पाहत असते. पंच किंवा ट्रस्टी बऱ्याचदा तिला ओळखतही नाहीत.

सवादोगो तिथे थांबले नाहीत. १९८४ पासून त्यांनी वर्षातून दोनदा आपल्या शेतात बाजार भरवायला सुरुवात केली. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बियाणे घेऊन येत, अवजारे दाखवत, कोणाचे काय जमले आणि काय फसले ते बोलत. तिथे प्रशिक्षक नव्हते, प्रमाणपत्र नव्हते आणि जेवणाचे कूपनही नव्हते.

आणि शेजारच्या देशातला पुढचा प्रसंग. १९८९ मध्ये नायजरच्या इल्लेला जिल्ह्यातल्या एका प्रकल्पाने तिथल्या १३ शेतकऱ्यांना यातेंगा दाखवायला नेले. प्रकल्पाला पैसा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा होता. हे खड्डे प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात नव्हते. परत आल्यावर त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या शेतात ते करून पाहिले. पुढचे वर्ष दुष्काळाचे निघाले, आणि गावात ज्या थोड्या शेतांत बऱ्यापैकी पीक आले ती खड्ड्यांची होती. त्यानंतर प्रचाराची गरज उरली नाही. प्रकल्पाला शहाणपणा सुचला तो इतकाच की तज्ज्ञ पाठवण्याऐवजी शेतकऱ्यांचे भाडे भरावे. आपल्या कोणत्याही ट्रस्टच्या हिशेबात ‘अभ्यास सहल’ हा खर्च आम्ही पाहिलेला नाही. असला तर आम्हाला जरूर कळवा.

नायजरमध्येच मरादी भागात आणखी एक गोष्ट घडली, ती झाडे लावणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. आपल्याकडे ५ जून आला की मशिदीच्या आवारात रोप लावताना फोटो निघतात आणि झाड लावणे सदका असल्याची हदीस पोस्टरवर येते. तीच रोपे पुढच्या ५ जूनला कोणी दाखवत नाही. मरादीत टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका ख्रिस्ती मिशनच्या प्रकल्पात रोपे लावत होते. लावलेली बहुतेक रोपे मरत होती. १९८३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की शेतात जी खुरटी झुडपे दिसतात ती झुडपे नाहीतच. ती तोडलेल्या झाडांची खोडे आहेत, जमिनीखाली मुळे जिवंत आहेत आणि दरवर्षी त्यांना फूट येते. शेतकरी पेरणीआधी ती छाटून टाकतो. प्रत्येक खोडाच्या चार-दोन बळकट फांद्या राखल्या आणि बाकीच्या काढल्या तर झाड आपोआप उभे राहते. रोप नको, पाणी नको, कुंपण नको. ही रीतही तिथल्या काही लोकांना पूर्वीपासून ठाऊक होती.

१९८४ च्या दुष्काळात झाडे राखणाऱ्यांना धान्य द्यायची योजना निघाली. लोकांनी झाडे राखली. धान्य बंद झाल्यावर त्यातली बरीचशी पुन्हा तोडली. मदतीच्या आमिषाने केलेले काम मदतीइतकेच टिकते. पण काहींनी राखली. त्यांच्या शेतातली वाळू उडायची थांबली, सरपण घरचे झाले, जनावरांना पाला मिळाला आणि शेजाऱ्याने ते पाहिले. दक्षिण नायजरमध्ये ही रीत सुमारे ५० लाख हेक्टरवर पसरल्याचे पुढे उपग्रहांच्या चित्रांवरून दिसले, आणि तोपर्यंत वीस वर्षे उलटली होती. विकासाच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांना आपल्या डोळ्यांसमोर काय झाले याचा पत्ता नव्हता, कारण त्यातल्या बहुतेक हेक्टरांसाठी कोणी निधी दिला नव्हता, म्हणून कोणाच्या अहवालातही ते नव्हते.

यात कायद्याचाही भाग होता. नायजरमध्ये शेतातले झाड सरकारचे मानले जाई. राखले तरी आपले नाही आणि तोडले तर दंड, मग शेतकऱ्याने ते लहानपणीच छाटलेले बरे. वनखात्याने हात सैल केला तेव्हा झाडे वाढू लागली. म्हणजे जागृती शेतकऱ्याची नव्हे, वनखात्याची व्हायची होती.

याकूबा सवादोगो आणि टोनी रिनॉडो या दोघांनाही २०१८ मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. सवादोगो २०२३ च्या डिसेंबरमध्ये वारले. जगभर त्यांचा सत्कार होत होता त्याच काळात वाहिगुया शहराची हद्द वाढत होती आणि त्यांच्या जंगलाचा काही भाग नगररचनेत घरांसाठीच्या भूखंडांत गेला. खड्ड्यांचे तंत्र शिकायला सगळे आले, जमिनीचा कागद त्यांच्या नावावर व्हावा यासाठी धडपडणारे तितके नव्हते. ज्ञान घ्यायचे आणि ज्ञान देणाऱ्याचा हक्क विसरायचा, हेही मदत संस्थांच्या शिकण्याचे एक रूप आहे, आणि ते त्यांच्या अहवालात कधी येत नाही.

हक्काचा विषय निघाला आहे तर आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनीयर-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले. दुष्काळी कामांवर खडी फोडून लोकांना मजुरी मिळत होती, पण पुढच्या दुष्काळात पुन्हा खडीच फोडावी लागणार हे त्यांना दिसले. नायगाव इथे देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी आधी स्वतः प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः घालायचा.

पाणलोटाच्या कामांचे कौतुक करताना हा भूमिहीनाचा वाटा आपण विसरतो. श्रमदानाला सगळा गाव येतो, चर खणायला मजुराचे कुटुंबही असते, पण पाणी वाढते ते ज्याच्याकडे शेत आणि विहीर आहे त्याचे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मुसलमानांची घरे भूमिहीनांत मोडतात. खाटीक, पिंजारी, मणियार, तांबोळी, फकीर. जमीन नसल्याने पाण्याच्या चर्चेत त्यांना बोलावणे येत नाही आणि आपल्या ट्रस्टांनाही ती ‘किट घेणारी घरे’ म्हणूनच माहीत असतात. पाणी पंचायतीने त्यांना सभासद केले असते.

देवस्थानाची पडीक जमीन हा तपशीलही वाचकांनी मनात ठेवावा. वक्फच्या जमिनींवरून आज जो वाद चालू आहे त्यात कोणाच्या ताब्यात काय आहे एवढेच ऐकू येते. एखाद्या दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या पडीक इनामी जमिनीवर गावासाठी, सगळ्या गावासाठी, पाणी जिरवण्याचा प्रयोग करता येईल का, हे विचारणारा मुतवल्ली आम्हाला भेटायचा आहे. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीचा, मलिक अंबरने १७व्या शतकात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेल्या त्या भुयारी नळांचा, आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या नहरी टिकल्या त्या दरवर्षी कोणीतरी आत उतरून गाळ काढत होते म्हणून.

आता आपल्या ट्रस्टांकडे आणि जमातींकडे येऊ. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे आणि तो आमचा हेतू नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात किंवा २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड बुडाले तेव्हा, जी मंडळी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता चिखलात उतरली त्यांत आपले तरुण होते. ही ताकद आहे. ती फक्त आपत्तीच्या आठवड्यापुरती का वापरायची, इतकेच आमचे म्हणणे आहे.

कोकणातलेच बघा. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतात. जांभ्या दगडातून पाणी आत जाते तसे डोंगराच्या पायथ्याला बाहेरही पडते. जुने लोक पावसाळा ओसरला की वहाळावर दगड, माती, पेंढा घालून कच्चा बांध घालत. अलीकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. अशा बंधाऱ्याला खर्च जवळपास नाही, पण दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एका दिवसासाठी वीस-पंचवीस माणसे लागतात. आणि तरुण तर मुंबईत, आखातात. गावची जमात सधन आहे, परदेशातून वर्गणी येते, म्हणून बोअर मारली जाते. वर्गणी पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या गावचा कोणता झरा मेपर्यंत टिकतो हे माहीत आहे? घरातल्या दादीला, फुफीला माहीत आहे. ती वर्षानुवर्षे तिथून हंडा आणते. जमातीच्या बैठकीत ती नसते. पाण्याबद्दल गावात सर्वांत जास्त माहिती ज्यांना आहे त्याच नेमक्या बैठकीबाहेर. हा दोष आपल्या जमातींचाच आहे असे नाही, ग्रामपंचायतींतही फार वेगळे दिसत नाही. पण आपल्या बैठकीचे दार आपल्या हातात आहे.

शहरातही हेच होते. गोवंडीत, देवनारच्या कचरा डेपोच्या सावलीत, पर्यावरण जागृतीचे व्याख्यान ठरते. बाहेरून आलेला वक्ता प्लास्टिकचे दुष्परिणाम सांगतो. मागच्या ओळीत भंगारवाले बसलेले असतात, ज्यांना हात लावताच प्लास्टिकचा प्रकार कळतो, कोणते पुन्हा वितळते आणि कोणते जाळावेच लागते हे कळते, आणि कोणत्या धुराने खोकला धरतो हेही कळते. त्यांच्या कामाला कोणी पर्यावरणाचे काम म्हणत नाही, कारण ते गरिबीतून होते. ट्रस्टने त्या वस्तीत काही करायचे ठरवले तर पहिली बैठक त्यांच्याकडून ऐकण्यासाठी व्हावी. कदाचित त्यांना व्याख्यानापेक्षा हातमोजे, वजनाचा खरा काटा आणि ओळखपत्र हवे असेल. कदाचित आणखी काही, जे आम्हाला इथे बसून सुचणार नाही.

जकातीच्या पैशाचा एक प्रश्न लगेच पुढे येईल. जकात हकदार माणसाच्या मालकीची व्हावी लागते असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे, त्यामुळे विहीर, बंधारा अशी सार्वजनिक कामे साधारणपणे सदक्यातून किंवा लिल्लाह रकमेतून केली जातात. ठीक आहे. पण पाणी पंचायतीसारख्या योजनेत भूमिहीन कुटुंबाने भरायचा हिस्सा त्याच्या हातात जकात म्हणून दिला, तर पाण्याचा हक्क त्या कुटुंबाचा होईल. ते घेणाऱ्यांच्या रांगेतून सभासदांच्या यादीत जाईल. उलेमांना विचारूनच हे करावे. आम्हाला इतकेच दिसते की हा प्रश्न त्यांना अजून फारसा कोणी विचारलेला नाही, कारण आपली योजना किटपर्यंत येऊन थांबते.

संस्था शिकत का नाहीत, याचे उत्तर त्यांच्या माणसांच्या स्वभावात शोधू नये. देणाऱ्याला लवकर दिसणारी वस्तू हवी असते. बोअरला पाटी लावता येते, जुन्या आडाचा गाळ काढला तर पाटी कुठे लावणार? वर्षाच्या आत हिशेब संपवायचा असतो, आणि मुरलेले पाणी वर्षात दिसत नाही. फसलेल्या कामाचा अहवाल लिहिला तर पुढच्या रमजानला वर्गणी येणार नाही ही भीती असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची गोष्टही याहून वेगळी नाही, त्यांच्या अहवालाचा कागद तेवढा गुळगुळीत असतो. म्हणून बदलाची सुरुवात देणाऱ्यांकडून व्हावी लागेल, आणि आज देणाऱ्यांत आमचे वाचक मोठ्या संख्येने आहेत. पहिला पगार झालेला इंजिनीयर, दोहातली नर्स, कॉल सेंटरमधला मुलगा. पुढच्या वेळी बोअरचे आवाहन आले तर पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. या गावात तुम्ही आधी मारलेल्या बोअरची आजची स्थिती काय? गावातल्या जुन्या विहिरी, आड, झरे कोणी मोजले आहेत का? आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी कोण बोलले? उत्तर आले नाही तर रागावू नका. मोटारसायकल काढा आणि स्वतः जा.

आम्हीही ते करणार आहोत. या अंकापासून ‘तिसरे वर्ष’ हे सदर सुरू होत आहे. तीन किंवा अधिक वर्षांपूर्वी मदतीतून झालेले कोणतेही काम चालेल: बोअर, वृक्षारोपण, शौचालय, मशिदीतल्या वजूच्या पाण्याचा शोषखड्डा, सौरदिवे. तिथे जाऊन बघा आणि पाचशे शब्दांत लिहून पाठवा. काम कोणी केले, खर्च किती झाला, आज काय चालू आहे, काय बंद आहे, आणि गावातले लोक त्याच गरजेसाठी स्वतः काय करतात, हे त्यात असावे. ट्रस्टचे किंवा देणाऱ्याचे नाव आम्ही छापणार नाही. मराठीत लिहा किंवा उर्दूत, दोन्ही भाषांत छापू. फोटो पाठवलात तर पाटीचा नको, पाण्याचा पाठवा, आणि शक्यतो एप्रिल-मेमधला.